बोहनीची नोट

चपलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. पार्जाननेही पाय थांबवले. सारोंग गुडघ्यांवर खोचून तो अंगणातल्या हौदात, सोयाबीनने भरलेल्या टोपलीत उभा होता. कुंपणाच्या बांबूंमधून त्याला हिरवी ओढणी दिसली. दोन घरं पलीकडची लास्त्री. तिने दार वाजवायला हात वर केला, क्षणभर तसाच धरला आणि मग हळूच खाली घेतला. चपला आल्या तशा मागे फिरल्या.

पार्जान पुन्हा तुडवू लागला. थोड्या वेळाने तीच हिरवी ओढणी मागच्या बोळातून परत जाताना दिसली. ओढणीखाली काहीतरी दडवलेलं होतं, पण प्लास्टिक चुरचुरलं आणि गुपित उघडं पडलं. मोटरसायकलवर पिशव्या लटकवून पलीकडच्या पेठेतून एक पोरगा हल्ली टेंपे विकायला यायचा. प्लास्टिकमधला टेंपे. पार्जानच्या घरावरून जावं लागू नये म्हणून बाई तो घेऊन चिखलाच्या बोळातून चालली होती.

"जा बाई, जा," पार्जान सोयाबीनला म्हणाला. दुसरं कुणी ऐकायला नव्हतंच.

सोयाबीन भिजवायचं, शिजवायचं, तुडवून सालं काढायची, पुन्हा शिजवायचं, निववून विरजण भुरभुरवायचं आणि केळीच्या पानात बांधून ठेवायचं. दोन दिवसांनी पान उलगडलं की आत टेंपेची पांढरीशुभ्र, घट्ट वडी. पार्जानने उभा जन्म हेच केलं होतं. मेरबाबू डोंगराच्या पायथ्याशी पहाटे हौदातलं पाणी हाडं गोठवतं, पण त्याची कधी कुरकुर नव्हती. करायचं त्याने आणि विकायचं तुमिनीने, अशी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच वाटणी झाली होती. पाय त्याचे, तोंड तिचं. आणि तोंड म्हणजे काय तोंड! बाजाराच्या वेशीवरून तिचा आवाज ऐकू यायचा. टेंपे घ्यायला आलेली बाई घरातलं भांडण, सुनेचं बाळंतपण, डोकेदुखीवरचा पाला असं सगळं पदरात घेऊनच परत जायची.

कोरड्या ऋतूच्या शेवटी तुमिनीला ताप आला. साधा ताप म्हणून पडली ती उठलीच नाही.

सगळी गल्ली धावून आली. पुरुषांनी कबर खोदली, बायकांनी मयताला आंघोळ घातली, रोज संध्याकाळी माणसं येऊन प्रार्थनेला बसत राहिली. हौदात आधीच भिजत घातलेलं सोयाबीन होतं. ते वाया कसं घालवायचं, म्हणून पार्जानने ते यंत्रासारखं शिजवलं, तुडवलं, बांधलं. ते संपल्यावर नवं भिजवलं, आणि महिनाभर येईल त्याच्या हातात पुडकं देत राहिला. कुणी पैसे काढले की दोन्ही हात जोडून मागे सरायचा. "असू दे. तुम्ही तिच्यासाठी इतकं केलंत." ज्यांच्या हाताला तुमिनीच्या कबरीची माती लागली होती त्यांच्याकडून टेंपेचे पैसे घ्यायचे? जीभच उचलत नव्हती.

त्यानंतर माणसं येणं कमी झालं. मग बंदच झालं. पार्जानने पिंपभर सोयाबीनचं अर्धं पिंप केलं, अर्ध्याची एक टोपली केली. आता ती टोपलीही संपत नव्हती. तो समजून चुकला होता की लोक तुमिनीकडे यायचे, टेंपेकडे नाही. चाळीस वर्षं तुडवणाऱ्या त्याच्या पायांना कुणी विचारत नव्हतं.

दुपारी एंदांगचा फोन आला. एंदांग म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, बेकासीच्या कारखान्यात शिवणकामाला.

"बापाक, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

पार्जानने ओट्यावरच्या ताटलीकडे पाहिलं. टेंपे आणि भात, कालही आणि आजही. खपत नाही ते कुणीतरी खायला हवंच.

"ऐका. आईच्या शंभराव्या दिवसाच्या प्रार्थनेला येतेय मी. येताना तुमचं तिकीट काढून ठेवते. परतीचं, दोघांचं."

"बघू."

"बघू म्हणजे काय? तो कपडे धुण्याच्या मशिनीवाला स्वयंपाकघर भाड्याने मागतोय. अंगण, हौद, सगळं घेतो म्हणतोय. आणखी किती दिवस पाण्यात उभे राहणार आहात? पाय बघितलेत का स्वतःचे?"

त्याने पाय बघितले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"तिकडे मी काय करू ग?"

"काही नाही करायचं! तेच तर सांगतेय. आराम करायचा."

पोरीचा काही दोष नव्हता. तिच्या दोन खोल्यांत तो एकदा राहून आला होता. सकाळी उठून भिंतीला टेकून बसायचं, सगळे कामावर गेले की टीव्ही लावायचा, टीव्हीचा कंटाळा आला की भिंत. तिसऱ्याच दिवशी त्याने तुमिनीला फोन करून विचारलं होतं, सोयाबीन कोण तुडवतंय. ती म्हणाली होती, "कुणी नाही, तुमचे पाय इथे विसरून गेलात."

पार्जानने फोन ठेवला. मग उठला आणि पोत्यातलं होतं नव्हतं ते सगळं सोयाबीन पिंपात ओतलं. शेवटचं एकदा, तो मनाशी म्हणाला. पूर्ण पिंप, पूर्वीसारखं, आणि मी स्वतः बाजारात नेऊन बसणार. खपलं तर एंदांगला नाही म्हणायचं. नाही खपलं तर मशिनीवाल्याला चावी.

तयार पुडकी खांद्यावरच्या कावडीत घालून तो बाजारात पोचला तेव्हा कमरेतून कळ निघत होती. ही कावड रोज तोच आणायचा. पण आणून ठेवायची, तुमिनीची बोहनी होईपर्यंत थांबायचं आणि घरी जायचं, इतकाच त्याचा बाजाराशी संबंध. बोहनीला थांबणं भाग असायचं. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट हातात पडली की तुमिनी ती एकेका पुडक्यावर थोपटायची, "लारिस, लारिस," खपू दे, खपू दे. सगळ्याच विकणाऱ्या बायका हे करतात. पण तुमिनी शेवटी तीच नोट उकिडव्या बसलेल्या नवऱ्याच्या गुडघ्यावर आपटायची. "हाही माल माझाच. हाही खपू दे." आसपासच्या बायका खिदळायच्या आणि पार्जान कानापर्यंत लाल होऊन कावड उचलायचा.

तिच्या जागेवर दुसरं कुणी बसतं असं त्याने ऐकलं होतं. बघतो तर खरंच, तुमिनीच्या चटईएवढ्या जागेवर नारळांचा ढीग. शेजारी नारळवाली जुमिरा, साऱ्या बाजाराची यू म्हणजे ताई, कोयत्याने नारळ सोलत होती. तिने मान वर केली, त्याला पाहिलं, कावड पाहिली.

पार्जान ओशाळून म्हणाला, "असू दे यू, असू दे. मी तिकडे, मुतारीजवळ बसतो."

"मुतारीजवळ टेंपे कोण घेईल?" जुमिरा उठली आणि पायाने नारळ आपल्या बाजूला ढकलायला लागली. "केव्हापासून हे नारळ आडवे घालून बसलेय मी. तीन जणी भांडून गेल्या या जागेवरून. एकीला तर कोयता दाखवला. आणि हा बाबा येतो तो मुतारीजवळ बसायला! बस खाली."

तो बसला. आजूबाजूला सगळा बाजार ओरडत होता. मिरचीवाली मिरच्या, मासळीवाला मासळी. पार्जानने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बाया येत होत्या. त्याला पाहून त्यांची चाल मंद व्हायची, चेहरा उतरायचा. "कसे आहात, कांग?" "जेवता ना वेळेवर?" "जपा हं." तो सगळ्यांचा कांग, थोरला भाऊ; पण बोलणं हळू, दबक्या आवाजात, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं. तुमिनीचं नाव कुणी काढत नव्हतं. पुडक्यांकडे तर कुणी बघतही नव्हतं.

शेवटी हिरवी ओढणी आली. लास्त्री. ती थबकली, निघाली, पुन्हा वळली आणि मन घट्ट करून समोर उकिडवी बसली. दोन पुडकी उचलली, दाबून पाहिली.

"कितीला, कांग?"

पार्जानने तिच्याकडे पाहिलं. हिच्या नवऱ्याने भर उन्हात कबर खोदली होती.

"असू दे, लास्त्री. घेऊन जा."

लास्त्रीने पुडकी अशी खाली ठेवली की जणू हाताला चटका बसला. काहीतरी पुटपुटली, चुलीवर भात ठेवलाय असं काहीतरी, आणि जवळजवळ पळतच निघून गेली.

जुमिराने कोयता नारळावर हाणला. तो तिथेच रुतून राहिला.

"हे काय केलंस?"

"काय केलं? दिलं तिला."

"तुला अक्कल आहे का रे, कांग?"

"तिच्या नवऱ्याने तुमिनीची कबर..."

"खोदली! माहितेय मला, मीच पाणी पाजत होते त्याला. मग? आता जन्मभर फुकट टेंपे खायचा का त्याने?" जुमिराला एकदा सुरुवात झाली की ती थांबत नसे. "गल्लीत सगळ्यांना वाटत बसलास. महिनाभर. कुणाचा एक पैसा घेतला नाहीस. आता तुझ्या दारात यायचं कसं माणसांनी? आलं की फुकट मागायला आलं असं दिसणार. पैसे पुढे केले की तू हात जोडणार. परवा ही लास्त्री माझ्याजवळ रडली. म्हणाली, दारापर्यंत जाते आणि परत येते, माझी जीभ प्लास्टिकच्या टेंपेला विटली. सगळ्या बाया बोळातून जातात तुझ्या भीतीने."

"माझ्या भीतीने?"

"तुझ्या उपकारांच्या भीतीने!"

पार्जानच्या डोळ्यांसमोर बांबूंमागे वर झालेला आणि खाली आलेला हात उभा राहिला. त्याला वाटलं होतं लोकांनी त्याला टाकलं. आणि त्यानेच लोकांना दाराबाहेर ठेवलं होतं, तेही हात जोडून.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

जुमिराने मान नारळांकडे वळवली. कोयता उपटून घेत म्हणाली, "दुःखातल्या माणसाला काय सांगायचं... म्हटलं, बरं दिसणार नाही."

त्या दिवशी एकही पुडकं गेलं नाही. जुमिराने घेते म्हटलं, पण ती दया होती हे दोघांनाही कळत होतं. निघताना ती म्हणाली, "फेकू नकोस. परवा दारसी बाजारात माल घ्यायला येते. तिला उतरलेला टेंपे लागतो. घेऊन ये."

उतरलेला टेंपे! पार्जानने घरी येऊन कावड ओट्यावर टाकली ती दोन दिवस तिकडे पाहिलंही नाही. पानांचा रंग काळपट झाला, आतली पांढरी वडी पिवळी पडली, मग तपकिरी, आणि घरभर उग्र वास सुटला. दारसी असला टेंपे वाटून नारळाच्या दुधात तिखटजाळ तुंपांग करायची आणि सालातिगा शहरातले निम्मे रिक्षावाले तिच्या पाटावर न्याहारी करायचे, हे त्याला ठाऊक होतं. पण उतरलेला माल कायम तुमिनीने परस्पर खपवला होता. करणाऱ्याने आपला नासलेला माल घेऊन चारचौघांत बसायचं म्हणजे अतीच झालं. एकदा त्याने सगळं गटारात ओतायला टोपली उचललीसुद्धा. मग मशिनीवाल्याचा चेहरा आठवला आणि टोपली खाली ठेवली.

पिंपातल्या उरल्यासुरल्या मूठभर दाण्यांची थोडी पुडकी त्याने मागाहून बांधली होती; ती आता ताजी होती, तीही बरोबर घेतली.

बाजारात दारसी थेट त्याच्यासमोर येऊन बसली. धिप्पाड बाई, कपाळावर कायम चुलीची धग. तुमिनीला शेवटची आंघोळ हिने घातली होती. केस हिनेच विंचरले होते. पार्जानने मान खाली घातली.

दारसीने एक पुडकं फोडून नाकाशी नेलं.

"हा उतरलाय म्हणतोस?"

"मग?"

"अजून लाजतोय हा. उतरावं की नाही ते ठरत नाहीये त्याचं. असल्या टेंपेची तुंपांग केली तर माझे रिक्षावाले उठून जातील."

पार्जानने मान वर केली. "नाक फिरलंय तुझं. दोन रात्री झोपलो नाही मी याच्या वासाने. शेजारचं मांजर घर सोडून गेलं."

"मांजराचं काय सांगतोस? तो प्लास्टिकवाला देतो त्याला बघ कसा वास असतो."

"प्लास्टिकमधला टेंपे उतरत नाही, सडतो! चिकट होतो. कडू लागतो. हा बघ, बोट लाव. सुटतोय का दाणा दाण्यापासून? अजून घट्ट आहे. पायाने तुडवलेला माल आहे हा, बाई!" आपला आवाज चढलाय हे त्याच्या लक्षात आलं नाही. मिरचीवालीच्या लक्षात आलं. ती मिरच्या तोलायची थांबली.

"बरं बरं. अर्धी टोपली घेते. पंधरा हजार रुपिया."

आणि तिने नोटा काढल्या. पार्जानने तो हात पाहिला. मसाल्याने पिवळी पडलेली बोटं. या बोटांनी... त्याचे दोन्ही तळवे आपोआप जवळ यायला लागले.

जुमिराचा कोयता नारळावर पडला. थाड.

"वीस," पार्जान म्हणाला.

"वीस? नासक्या मालाचे? तुमिनी सतराला द्यायची मला."

जुमिराचा कोयता वरच्या वर थांबला. इतक्या दिवसांत तिचं नाव कुणी असं, मिरच्या-मिठासारखं, मोठ्याने घेतलं नव्हतं.

"खोटं बोलतेस," पार्जान म्हणाला. "तुमिनीने तुला वीसच्या खाली कधी दिला नाही. उलट घरी येऊन तुझ्या नावाने बोटं मोडायची. म्हणायची, ती दारसी एक दिवस माझी चामडीसुद्धा घासाघीस करून नेईल."

दारसी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचं पोट हललं, खांदे हलले आणि ती खो खो हसायला लागली. जुमिराही हसली. हसता हसता दारसीने ओढणीने डोळे पुसले ते जरा जास्तच वेळ पुसले.

"असंच म्हणाली असेल ती भवानी," ती म्हणाली. "अठरा. आणि यापुढे एक शब्द नाही."

"अठरा."

"मग घे की. हात अवघडला माझा."

त्याने हात पुढे केला. नोटा हातात पडल्या तेव्हा त्याला लाज वाटली, खूप वाटली. पण हात त्याने मागे घेतला नाही. दारसीने आपल्या टोपलीत माल भरून ती डोक्यावर घेतली. "दर फेरीला इतका हवा मला. आणि नीट नासव जरा," म्हणत ती निघून गेली.

"बोहनी झाली ना?" जुमिरा म्हणाली. "मग बसलास काय?"

पार्जानने सगळ्यात वरची नोट घेतली आणि उरलेल्या पुडक्यांवर थोपटली. "लारिस," तो पुटपुटला.

"माझ्या नारळांनाही ऐकू नाही आलं."

"लारिस! लारिस!"

आवाज फाटका आला, पण आला. खांबाआड उभी असलेली हिरवी ओढणी पुढे सरकली. कधीपासून उभी होती कोण जाणे. लास्त्रीने ताज्यातली दोन पुडकी उचलली, पण छातीशी धरून ठेवली.

"कितीला, कांग? आधी सांगा, मगच नेईन."

त्याने भाव सांगितला. तिने मोजके पैसे त्याच्या चटईवर ठेवले आणि मोठं ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला. "पुडकी लहान झालीत हं तुमची," ती जाता जाता म्हणाली. तुमिनीला ती रोज हेच म्हणायची.

ऊन वर आलं. आणखी दोघीतिघी आल्या. एक नुसतीच भाव विचारून गेली, एकीने घेतलं. निम्मा माल तसाच राहणार हे दिसत होतं. आणि आज घरी जाऊन पुन्हा भिजत घालायचं म्हणजे आधी पेढीवरून नवं पोतं आणायचं, ते खांद्यावरून वाहायचं, पहाटे त्या पाण्यात उतरायचं. नुसत्या विचारानेच त्याच्या पोटऱ्या भरून आल्या. थकवा काही कमी झालेला नव्हता. तुमिनीही परत येणार नव्हती. पण एंदांगला संध्याकाळी फोन करून एकाच माणसाचं तिकीट काढ म्हणून सांगायला हवं होतं.

जुमिरा पाणी आणायला उठली. मिरचीवाली गिऱ्हाइकाशी भांडत होती. कुणी आपल्याकडे बघत नाहीये याची पार्जानने खात्री करून घेतली, चटईखालून बोहनीची नोट काढली आणि हळूच आपल्या गुडघ्यावर आपटली. मग ती घडी करून पुन्हा चटईखाली, तुमिनी ठेवायची त्याच कोपऱ्यात ठेवली.